फोटोत नसलेली अबीर

प्रस्तावनेत आधी नायिकेची ओळख करून द्यायची असते. इथे निदान तिच्या नावाची ओळख मराठी वाचकाला आधीपासूनच आहे. अबीर हा शब्द आपण बुक्क्याशी जोडून घेतला, वारकऱ्याच्या कपाळी लावला, पूजेच्या ताटात हळदीकुंकवाशेजारी ठेवला. मूळचा तो अरबी. सुगंधी द्रव्यांचे मिश्रण, दरवळ असा त्याचा अर्थ. इजिप्तमध्ये हे नाव मुलींना ठेवतात. अबीर अब्देलरहमान ही अशीच एक मुलगी. तिच्या हाताला मात्र दुसरीच पूड लागली. बार निसटू नये म्हणून वेटलिफ्टर तळव्यांना चोळतात, ती पांढरी पूड.

३ ऑगस्ट २०१२. लंडनच्या एक्सेल सभागृहात ऑलिंपिकमधल्या महिलांच्या ७५ किलो गटाची स्पर्धा चालू होती. वीस वर्षांची अबीर डोके झाकून, अंगभर घट्ट पोशाख घालून प्लॅटफॉर्मवर आली. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोन्ही प्रकार मिळून तिचे २५८ किलो झाले. क्रमांक पाचवा. कझाकस्तानची स्वेत्लाना पोदोबेदोवा आणि रशियाची नताल्या झाबोलोत्नाया या दोघींनी २९१-२९१ किलो उचलले होते. पोदोबेदोवाचे स्वतःचे वजन कमी भरले, म्हणून सुवर्ण तिला. बेलारूसची इरिना कुलेशा २६९ किलोंवर तिसरी, स्पेनची लिदिया व्हालेन्तिन २६५ वर चौथी. अबीरच्याही मागे कॅमेरूनची मादियास न्झेसो होती, पण पाचवीच्या मागे कोण आहे हे बघायला थांबतो कोण?

त्या संध्याकाळचा पदकवितरणाचा फोटो आजही सापडतो. तीन पायऱ्या, तीन बायका, गळ्यात पदके, हातात फुले. त्या तिघींपैकी एकीच्याही नावावर आज ते पदक नाही. अधिकृत निकालात सुवर्ण व्हालेन्तिनचे आहे, रौप्य अबीरचे आणि कांस्य न्झेसोचे. विजेत्या तिघीही फोटोत नाहीत, आणि फोटोतल्या तिघी निकालात नाहीत. ऑलिंपिकच्या इतिहासात असे फोटो थोडे नाहीत, पण इतका सगळाच्या सगळा खोटा ठरलेला फोटो विरळा.

हे पुस्तक त्या फोटोबाहेरच्या बाईचे आहे.

घडले ते असे. खेळाडूंच्या लघवीचे नमुने त्याच दिवशी तपासून फेकून देत नाहीत. ते गोठवून ठेवतात. पूर्वी आठ वर्षे ठेवत, २०१५ पासून ही मुदत दहा वर्षांची झाली. चोर आजच्या परीक्षेला चुकवील, पण उद्याची परीक्षा कशी असेल हे त्याला ठाऊक नसते, एवढाच त्यामागचा साधा हिशेब. रिओ ऑलिंपिकच्या सुमारास, २०१६ मध्ये, बीजिंग आणि लंडनचे निवडक नमुने पुन्हा बाहेर काढले गेले. मधल्या काळात तपासणीची नवी रीत हाती आली होती. ट्युरिनाबोल नावाचे स्टेरॉइड, जे एके काळी पूर्व जर्मनीने आपल्या खेळाडूंना पद्धतशीर चारले, ते जुन्या चाचणीत थोडेच दिवस सापडायचे. नव्या चाचणीत त्याचे शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे अवशेष सापडू लागले. ही रीत विकसित करण्यात मॉस्कोच्या प्रयोगशाळेचे प्रमुख ग्रिगोरी रोदचेन्कोव्ह यांचाही वाटा होता. हेच गृहस्थ रशियन खेळाडूंची चोरी लपवण्याच्या यंत्रणेचेही सूत्रधार होते. कुलूपही त्यांचे आणि किल्लीही त्यांचीच. कादंबरीकाराने असे पात्र रंगवले असते तर संपादकाने 'जरा अतीच होतंय' म्हणून समासात खूण केली असती.

तिघींचेही नमुने दोषी निघाले. २०१६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिघींची पदके गेली.

लंडनच्या वेटलिफ्टिंगची तर त्या फेरतपासणीने चाळणच करून टाकली. कझाकस्तानने तिथे मिळवलेली चारही सुवर्णपदके गेली. पुरुषांच्या ९४ किलो गटात इतके जण गळाले की पाचवा आलेला इराणचा सईद मोहम्मदपूर सुवर्णाचा मानकरी ठरला आणि नववा आलेला पोलंडचा तोमाश झिएलिन्स्की कांस्याचा. इजिप्तच्याच तारेक याह्याला ८५ किलो गटात चौथ्यावरून कांस्य मिळाले. आणि खेळांच्या आधीच इजिप्तच्या पथकाला दिलेले नाइकीचे कपडे नकली असल्याची तक्रार त्यांच्याच एका जलतरणपटूने ट्विटरवर केली होती. क्रांतीनंतरचे ते वर्ष, तिजोरीत खडखडाट, स्वस्तात माल घेतला गेला. खोट्या कपड्यांचा गवगवा जगभर झाला. खोट्या पदकांचा पत्ता लागायला चार वर्षे गेली.

अबीरच्या बाबतीत हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण चार वर्षे आधी, २००८ मध्ये बीजिंगला, सोळा वर्षांची अबीर ६९ किलो गटात उतरली होती. तिथेही ती पाचवीच आली. चीनच्या लिऊ चुनहोंगने तिथे २८६ किलो उचलले. स्नॅच, क्लीन अँड जर्क आणि एकूण वजन या तिन्हींत विश्वविक्रम. दुसरी आलेली रशियाची ओक्साना स्लिव्हेन्को २५५ वर होती. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात ३१ किलोंचे अंतर! प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि का वाजवू नयेत? जानेवारी २०१७ मध्ये लिऊचे सुवर्ण काढून घेतले गेले. तिसरी आलेली युक्रेनची नताल्या दाविदोव्हा आधीच बाद झाली होती. स्लिव्हेन्को पहिली झाली, कोलंबियाची लेदी सोलिस दुसरी आणि अबीर तिसरी.

दोन ऑलिंपिक, दोन पाचवे क्रमांक, आणि काही महिन्यांच्या अंतराने त्यांची झालेली दोन पदके. बीजिंगमध्ये इजिप्तच्या अख्ख्या पथकाला त्या वेळी एकच पदक मिळाले होते, ज्युदोत हिशाम मेसबाहचे कांस्य. दुसरे पदक एका सोळा वर्षांच्या मुलीने मिळवले होते आणि ते तिला, तिच्या प्रशिक्षकाला, तिच्या देशाला, कोणालाच ठाऊक नव्हते.

'मिळवले होते' असे मी लिहितो खरा, पण ते पुरते खरे नाही, आणि या जागी वाचकाने थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. धावण्याच्या शर्यतीत पुढचे तिघे बाद झाले तर चौथ्याची वेळ तीच राहते. तो आपल्या जिवाच्या आकांताने धावलेला असतो. वेटलिफ्टिंगचे तसे नाही. हा खेळ निम्मा अंगाचा आणि निम्मा पत्त्यांचा. प्रत्येकीला स्नॅचचे तीन आणि क्लीन अँड जर्कचे तीन असे सहा प्रयत्न. बारवरचे वजन फक्त चढत जाते, खाली येत नाही. जिने कमी वजन मागितले ती आधी उचलते, जिने जास्त मागितले ती नंतर. त्यामुळे आतल्या सरावाच्या जागेत प्रशिक्षक कागद घेऊन बसलेले असतात: अमकीने किती लिहून दिले, ती बदलेल का, आपण एक किलो वाढवून तिच्या मागे जायचे की आता उचलून दडपण तिच्यावर टाकायचे. शेवटच्या प्रयत्नाला किती मागायचे हे आपल्या ताकदीवर जितके ठरते तितकेच समोरची कुठे उभी आहे त्यावर.

आता लंडनच्या त्या दिवशी अबीरच्या बाजूने बघा. सुवर्ण ३३ किलो दूर. कांस्यसुद्धा ११ किलो दूर. अशा वेळी शहाणा प्रशिक्षक जुगार खेळत नाही. हाती आले ते पदरात पाडून घेतो. पण खरी स्पर्धा, म्हणजे जी व्हायला हवी होती ती, व्हालेन्तिन आणि अबीर यांच्यात होती आणि त्यांच्यात सात किलोंचे अंतर होते. सात किलोंसाठी माणूस जुगार खेळतो. पडला तर पडला. व्हालेन्तिननेही मग वेगळे वजन मागितले असते. ती स्पर्धा झालीच नाही. फेरतपासणीने निकाल दुरुस्त केला; न झालेली स्पर्धा कोणती प्रयोगशाळा भरून देणार? म्हणूनच 'अखेर न्याय मिळाला' हा मथळा वाचला की माझी कलम अडते. न्याय ही चीज यापेक्षा मोठी असावी. इथे फक्त हिशेबातली चूक निस्तरली गेली.

आणि हिशेब तरी कुठे पुरता लागतो? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये अशा उशिराच्या पदकांसाठी पर्यायांची यादीच केली: पुढच्या ऑलिंपिकमध्ये घ्या, समितीच्या मुख्यालयात घ्या, आपल्या देशाच्या समितीच्या समारंभात घ्या, नाहीतर घरच्यांसोबत खासगीत घ्या. लंडनचे पदक साधारण चारशे ग्रॅम वजनाचे. एवढे वजन कुठेही पोहोचवता येते. पण वीस वर्षांच्या मुलीसमोर आपला झेंडा वर चढताना जे घडते, त्याच्या पाठोपाठ जे पुरस्कर्ते येतात, सरकारी बक्षिसे येतात, गल्लीतल्या दहा मुली दुसऱ्या दिवशी जिमच्या दारात येतात, ते चार-पाच वर्षांनी पार्सल करता येत नाही. न्झेसोचे तर आणखीच विचित्र. त्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅमेरूनचे नाव जगभर गाजले ते त्यांचे सात खेळाडू क्रीडाग्रामातून नाहीसे झाले म्हणून. पळालेल्यांची बातमी झाली. पदक जिंकलेली तिथेच होती, तिची झाली नाही.

हे सगळे इजिप्तच्या वाट्याला आले, याला एक खास खोच आहे. वेटलिफ्टिंग हा तिथला पोरका खेळ नव्हे. १९२८ साली अॅमस्टरडॅमला सय्यद नोसेरने सुवर्ण आणले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये खिद्र अल तूनीने, योगायोगाने ७५ किलो गटातच, ३८७.५ किलो उचलले. तेव्हा तीन प्रकार असत. दुसरा आलेला जर्मन त्याच्या ३५ किलो मागे होता, तेही हिटलरच्या राजधानीत. कैरोत अल तूनीच्या नावाचा रस्ता आहे. म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात कुस्तीला जो मान, तसा काहीसा तिथे या लोखंडाला होता. मात्र तो मान पुरुषांचा. ऑलिंपिकचे दार बायकांना २००० साली सिडनीत उघडले.

सिडनी म्हटले की आपल्याला कर्णम मल्लेश्वरी आठवते: ६९ किलो गट, २४० किलो, कांस्य, ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७५ किलो गटात, नायजेरियाची रूथ ओगबेफो उतरली. कोलंबियाची मारिया इसाबेल उरुतिया, ओगबेफो आणि तैवानची कुओ यी-हांग या तिघींनीही बरोबर २४५ किलो उचलले. तिघी सारख्याच! मग तिघींची शरीराची वजने पाहिली गेली. सर्वांत हलकी उरुतिया, तिला सुवर्ण, ओगबेफोला रौप्य. आफ्रिकेच्या स्त्रीला वेटलिफ्टिंगमध्ये मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. मल्लेश्वरी आपल्याकडे शाळेच्या सामान्यज्ञानात आली. ओगबेफोचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? मीही ते फार उशिरा ऐकले.

इजिप्तमधल्या बायकांची वाट पाडली ती नहला रमदानने. २००३ मध्ये व्हँकूवरला ती ७५ किलो गटाची जगज्जेती झाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी अथेन्सला तिच्याकडून पदकाची खात्रीच धरली गेली होती. ते आले नाही. लंडनला नहला होती आणि अबीरही. दोघी अंगभर पोशाखात उतरू शकल्या, कारण वर्षभरापूर्वी, २०११ मध्ये, आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने नियम बदलला होता. त्याआधी कोपर आणि गुडघे उघडे असणे सक्तीचे होते. वजन डोक्यावर असताना कोपर सरळ झाले की वाकलेले राहिले, हे पंचांना दिसायला हवे, असा युक्तिवाद होता. अंगाला चिकटून बसणाऱ्या कापडातूनही कोपर दिसते, हे मान्य करायला बराच काळ गेला. कुलसूम अब्दुल्ला या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन लिफ्टरने तो प्रश्न धसाला लावला होता. या विषयावर आपल्याकडे लगेच दोन तट पडतात, म्हणून इतकेच सांगतो की त्या बदलाने कोणाचे किलो वाढले नाहीत आणि कमीही झाले नाहीत.

आता 'पहिली कोण' या प्रश्नाकडे येऊ, कारण ओळख-सन्मानाची सगळी गुंतागुंत तिथे आहे.

१० ऑगस्ट २०१६, रिओ. इस्माइलियाची अठरा वर्षांची सारा समीर अहमद ६९ किलो गटात २५५ किलो उचलून तिसरी आली. त्या वर्षीची सानविया आम्मा, म्हणजे आपल्या बारावीसारखी आयुष्य ठरवणारी परीक्षा, तिने या स्पर्धांच्या तयारीपायी सोडली होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी लिहिले: इजिप्त १९१२ पासून ऑलिंपिकला जाते, आणि १०४ वर्षांत विजयमंचावर उभी राहिलेली ही पहिली इजिप्शियन स्त्री. ते शब्दशः खरे होते आणि आजही आहे. मंचावर पहिली उभी राहिली ती साराच. पण पदक पहिले कोणाचे? कागदोपत्री २००८ चे कांस्य अबीरचे, २०१२ चे रौप्य अबीरचे. फक्त साराच्या त्या रात्री हे निर्णय झालेले नव्हते. काही महिने बाकी होते. अबीर रिओला नव्हती.

म्हणजे पहिल्या दोन पदकांच्या बातम्या तिसऱ्याच्या नंतर आल्या. 'पहिली' हा शब्द एकदा दुसरीला देऊन झाला होता, आणि तो परत मागणे शोभलेही नसते. साराने कोणाचे काही हिरावले नव्हते. मला इथे बाजू घ्यायची नाही. पण अबीरची दोन्ही पदके आठवणींच्या यादीत एक एक जागा खाली सरकली, हे नोंदवायला हवे. चोरी करणाऱ्यांनी पदक नेले, आणि उशिराने 'पहिली' ही ओळखही नेली.

इजिप्तकडे केवळ सोसणारा देश म्हणून पाहणे मात्र मला जमत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, अबीरच्या प्रतिस्पर्ध्यांची पदके जात होती त्याच सुमारास, इजिप्तच्याच सात लिफ्टरांचे नमुने दोषी सापडले. त्यांत कोवळ्या वयाची पोरे होती. ती औषधे त्यांनी स्वतः बाजारातून आणली नसणार हे सांगायला तज्ज्ञ नको. देशावर दोन वर्षांची बंदी आली आणि टोकियो ऑलिंपिक हुकले. सारा घरी बसली. तिच्याच दिवशी रिओला कांस्य मिळवणारा मोहम्मद इहाबही घरी बसला. अबीरकडून बाहेरच्यांनी घेतले ते साराकडून घरच्यांनी घेतले.

आणि आपण? आपलेही हात या पाण्यात आहेत. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ५३ किलो गटात नायजेरियाची सोळा वर्षांची मुलगी सुवर्ण जिंकली आणि उत्तेजक चाचणीत सापडली. पापुआ न्यू गिनीची डिका टौआ पहिली झाली, आपल्या संतोषी मत्साचे कांस्य रौप्य झाले, चौथी आलेल्या स्वाती सिंगला कांस्य मिळाले. तेव्हा आपण आनंद केला, तो योग्यच होता. २०२१ मध्ये टोकियोत मीराबाई चानू रौप्य घेऊन परतली न परतली तोच, सुवर्ण जिंकलेल्या चिनी होउ झिहुईची चाचणी होणार आणि मीराबाईला सुवर्ण मिळणार, अशी आवई उठली. दोन दिवस देशभरच्या मोबाइलवर ती फिरली. त्यात काही नव्हते. होउने २१० किलो उचलले होते, मीराबाईने २०२. पण त्या दोन दिवसांत आपण ज्या घाईने दुसऱ्याच्या पदकावर टपून बसलो, ती आठवली की अबीरच्या गोष्टीतला एक कोपरा मला अवघड वाटतो. तिची पदके अशाच बातमीतून आली, आणि ती बातमी खरी होती.

सारा परत आली. २०२२ मध्ये बोगोटाला ती जगज्जेती झाली. १० ऑगस्ट २०२४ ला, रिओच्या पदकाला बरोबर आठ वर्षे झाली त्या दिवशी, पॅरिसला ८१ किलो गटात तिने २६८ किलो उचलले. नॉर्वेची सोल्फ्रिड कोआंडा २७५ वर पहिली, इक्वाडोरची नेइसी दाहोमेस २६७ वर तिसरी. सारा आणि दाहोमेस यांच्यात एका किलोचा फरक. इथे सगळे पत्ते खेळले गेले, शेवटच्या प्रयत्नापर्यंत. तिघी मंचावर चढल्या, फोटो निघाला.

त्या स्पर्धांतले नमुने नियमाप्रमाणे २०३४ पर्यंत गोठवून ठेवता येतील.